पंधरावा प्रश्न

क्रेनवाल्याने पाण्याचा तिसरा ग्लास एका दमात संपवला, तोंड पुसलं आणि सिस्टरने विचारायच्या आतच उत्तरं द्यायला सुरुवात केली.

"वय चौतीस. लग्न झालंय. दारू नाही. तंबाखू कधीतरी. सुई नाही. कंडोम..." इथे तो अडखळला. "जवळ ठेवतो."

"ठेवता की वापरता?"

"ठेवतो," तो म्हणाला आणि पुन्हा ग्लासकडे बघू लागला.

सिस्टरने निळ्या कागदावर खूण केली. त्याला प्रश्न पाठ झाले होते यात नवल नव्हतं. आठ महिन्यांत तो तिसऱ्यांदा इस्पितळाच्या सहा नंबरच्या, गुप्तरोगांच्या खोलीत आला होता. पहिल्या दोन वेळा परमा, म्हणजे गनोरिया, घेऊन आला होता, औषध घेऊन बरा झाला होता. या वेळी लघवीची जळजळ नव्हती, पण रक्ताच्या तपासणीत गर्मी निघाली होती. म्हणजे सिफिलिस. एचआयव्ही तेवढा नव्हता.

सहा नंबरच्या खोलीचा एक नियम होता. पुरुषांना निळा कागद, बायकांना गुलाबी, दोन्हींवर चौदा प्रश्न. कागदावरचं सगळं विचारायचं आणि कागदाबाहेरचं काहीही विचारायचं नाही. हा नियम जुन्या मोठ्या डॉक्टरांनी घालून दिला होता. इथे येणारा माणूस आधीच अर्धमेला होऊन येतो, समोरचा मजा म्हणून चौकशी करतोय असं त्याला कधी वाटता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. ते निवृत्त झाले, खोलीला दोनदा रंग लागला, नियम मात्र तसाच राहिला.

दुसऱ्या कोणाला तो जड गेला नसता. पण सिस्टर जात्याच चौकस. बसमध्ये शेजारणीच्या पिशवीतल्या भाज्या बघून तिच्या घरी माणसं किती हे ती ओळखायची, आणि उतरण्यापूर्वी गप्पा काढून ते बरोबर होतं का याची खात्रीही करून घ्यायची. "तुझ्याशी लग्न म्हणजे जन्माची उलटतपासणी," असं तिचा नवरा म्हणायचा. असल्या बाईने सतरा वर्षं चौदा प्रश्नांवर भागवलं होतं. एका परीने हा उपासच होता, आणि तो न मोडल्याचा तिला अभिमानही होता.

आज मात्र तिला राहवत नव्हतं. त्याला कारणही तसंच होतं.

क्रेनवाल्याने मान खाली घातली आणि आवाज उतरवला. "सिस्टर, डॉक्टरांना सांगून एक गोळी मिळेल का? ती... उभारीची."

सिस्टरने मान वर केली नाही, पण कान टवकारले. एका माणसाला वर्षभरात तीन-तीनदा संग केल्याचे रोग होतात, आणि त्याच माणसाला संग जमत नाही म्हणून गोळी हवी असते. हे गणित जुळेना. तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याला नीट न्याहाळलं. पट्ट्याला खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं होती. बोलत नसतानाही त्याचा जबडा हलत होता, दातावर दात घासल्याचा बारीक आवाज येत होता. पुढच्या दातांच्या कडा झिजल्या होत्या. आणि तीन ग्लास पाणी पिऊनही ओठ कोरडेच होते.

तिने पुढचा प्रश्न घेतला. "घरात कोणी गरोदर?"

"बायको. पाचवा लागलाय."

सिस्टरचा पेन थांबला.

"त्यांची तपासणी?"

"दुसऱ्या महिन्यात झाली. सगळं चांगलं आलं."

"दुसऱ्या महिन्यात तुमचंही चांगलं होतं," ती म्हणाली.

त्याला ते समजायला थोडा वेळ लागला. मग सिस्टरने त्याला एकेक शब्द सुटा करून सांगितलं. हा रोग आईकडून नाळेतून बाळाला जातो. बाळ पोटातच जाऊ शकतं, किंवा रोग घेऊन जन्माला येऊ शकतं. पण आईला वेळेवर इंजेक्शन मिळालं तर बाळ वाचतं. अजून वेळ आहे, फार मात्र नाही. बायकोला इथे आणावंच लागेल.

"तिला यात आणू नका, सिस्टर."

"ती यात आहेच."

त्याने चेहरा दोन्ही हातांत धरला. बोटांवर काळं वंगण होतं, नखांभोवतीची कातडी कुरतडून सोललेली होती. सिस्टरने पेनाला टोपण लावलं आणि पेन बाजूला ठेवला. सतरा वर्षांत तिने कोणासमोर असं केलं नव्हतं.

"एक विचारू? हे कागदावर नाही."

"विचारा."

"झोप कधी झाली?"

तो हसला. "आज कोणता वार?"

"झोप घालवायला काय घेता?"

त्याने दाराकडे पाहिलं. उठून जाईल असं सिस्टरला वाटलं. पण त्याने ग्लास भरला, अर्धा प्यायला, आणि बोलू लागला. कोणीतरी हे विचारेल म्हणून तो आठ महिने थांबला असावा, इतकं ते सरळ बाहेर आलं.

गोदीत सोळा-सोळा तास क्रेनवर बसायचं. तीस मीटर उंचीवर डुलकी लागली तर खाली माणसं मरतात. त्यासाठी खडा. काचेच्या चुऱ्यासारखा दिसतो, काचेच्याच नळीत तापवून ओढायचा. झोप पळते, भूक पळते, आणि माणूस स्वतःला कोणीतरी मोठा वाटायला लागतो.

"पहिला कोणी दिला?"

त्याने ग्लास जागचा हलवला. "कामावरचा एक."

"आणि मग?"

"मग ते दुसरंही सुरू झालं." त्याने मानेनेच निळ्या कागदाकडे खूण केली. "सुरुवातीला काय सांगू तुम्हाला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि सगळं नव्यासारखं. तासन् तास. थकवा नाही, लाज नाही. नंतर घरात पुरेना. एकाची खोली आहे, तिथे जमायचो. दोन दोन दिवस. बायका, पुरुष, कोण कोण. कंडोम खिशात असायचा, सिस्टर, खोटं नाही सांगत. पण खिसा असलेली पँट कुठे टाकलीय तेच आठवायचं नाही."

सिस्टरच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. ते तिला सतरा वर्षांच्या सरावाने जमत होतं.

"सोलून निघायचं. रक्त यायचं. तेव्हा कळायचंच नाही, दुसऱ्या दिवशी लघवीला गेलं की कळायचं. आणि आता..." तो गोळीच्या गोष्टीपर्यंत आला होता. "आता खडा घेतला की डोक्यात आग असते आणि खाली काही नसतं. आणि नाही घेतला, तर डोक्यातही काही नसतं. बायको शेजारी असते आणि मला भिंत शेजारी असल्यासारखं वाटतं. चौतीस वय आहे माझं, सिस्टर."

गणित जुळलं होतं. एरवी असं काही उलगडलं की सिस्टरला मनातून गुदगुल्या व्हायच्या. आज तिला फक्त वाईट वाटलं. दोनदा हा माणूस याच खुर्चीत बसून गेला होता, दोनदा तिने त्याला चौदाच प्रश्न विचारले होते.

सिस्टरने त्याला आत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या वयाने लहान, पण समजावण्यात हुशार. मेथॅम्फेटामीन, त्या म्हणाल्या. मेंदूतला आनंदाचा साठा ते एका झटक्यात उधळतं, मग तिजोरी रिकामी. रक्ताच्या नळ्या आवळून धरतं, म्हणून उभारी येत नाही. तोंड कोरडं पडतं तशी खालची नाजूक कातडीही कोरडी पडते, फाटते, आणि रोगाला दार उघडं मिळतं. गोळी त्यांनी दिली नाही. खडा आणि ती गोळी एकत्र आले तर काळजावर ताण येतो, आधी खडा सोडायचं बघू, त्यासाठीचे लोक वरच्या मजल्यावर आहेत, मी स्वतः बोलते, असं त्या म्हणाल्या.

"सुटला की परत सगळं पहिल्यासारखं होईल?"

"बऱ्याच जणांचं होतं. वेळ लागतो. महिने लागतात."

कमरेत दोन्ही बाजूंना एकेक इंजेक्शन घेऊन तो लंगडत बाहेर आला. सिस्टरने बायकोसाठीचं कार्ड त्याच्या हातात दिलं.

"तिला काय सांगू?"

"रोगाचं सांगावं लागेल. बाकी जेवढं सांगता येईल तेवढं."

"आणि तुम्ही काय विचाराल तिला?"

"तुम्हाला विचारलं तेच."

"सगळं?"

"सगळं. तुमचा कागद त्यांना दाखवणार नाही, त्यांचा तुम्हाला नाही."

त्याने कार्ड दोनदा वाचलं आणि शर्टाच्या खिशात, आतल्या बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दी ओसरल्यावर सिस्टरने कपाटातला निळ्या कागदांचा गठ्ठा काढला आणि प्रत्येकाच्या तळाशी स्वतःच्या हाताने लिहायला घेतलं. 'पंधरा. झोप घालवायला किंवा संगाच्या वेळी काही घेता का?' डॉक्टरीणबाईंची परवानगी तिने घेतली होती. नवे कागद छापून यायला सहा महिने लागले असते आणि सिस्टरला सहा दिवसही धीर नव्हता.

शेजारच्या खोलीतला रक्त तपासणारा चहाचा कप घेऊन दारात उभा राहिला. तो सिस्टरच्याच वयाचा, आणि तिची फिरकी घेतल्याशिवाय त्याला चहा पचायचा नाही.

"मोडला का उपास?"

"मोडला."

"दोनशे कागद! हात गळून पडेल. आणि गुलाबींवर नाही लिहायचं?"

"बायकांना जागायला काय लागतंय?" सिस्टर मान न उचलता म्हणाली. "त्या जागतातच."

तो हसला, तीही हसली. गुलाबी गठ्ठा कपाटातच राहिला.

पंधराव्या प्रश्नाने कमाल केली. पहिल्या आठवड्यात अकरा पुरुष आले, त्यांतले चार 'हो' म्हणाले. एक ट्रक चालवणारा होता, एक हॉटेलातला आचारी, एक परीक्षेचा अभ्यास करणारा, आणि एक तर चक्क शिक्षक. प्रत्येकाच्या कहाणीत तीच गोष्ट निघायची. आधी डोंगराएवढं वाटणं, मग सोलणं, मग रोग, आणि शेवटी मान खाली घालून ती गोळी. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यासाठी एक वेगळी वही सुरू केली. वरच्या मजल्यावरची माणसं खाली येऊन सिस्टरला भेटून गेली. रक्त तपासणारा तिला 'संशोधिका' म्हणू लागला. सिस्टर वरवर चिडायची, पण तिला ते आवडत होतं.

फक्त क्रेनवाल्याची बायको येत नव्हती. सिस्टर रोज सकाळी बाकावर बसलेल्या बायकांची पोटं बघून घ्यायची. पाचवा दिवस गेला, आठवा गेला. क्रेनवाल्याला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तो म्हणाला, "सांगितलंय. येणार आहे ती." घरी जेवताना सिस्टरचा घास हातातच राहू लागला. एक दिवस उशीर म्हणजे त्या बाळाचा एक दिवस, हे तिच्या डोक्यातून जाईना.

दहाव्या दिवशी ती आली.

बारीक चणीची, पोट जेमतेम दिसणारी. कपड्यांच्या कारखान्यातून परस्पर आली असावी, कॉलरला तीन टाचण्या खोचलेल्या होत्या आणि गळ्यातली मोजपट्टी काढायची राहिली होती. खुर्चीच्या कडेवर बसली आणि तिने कार्ड टेबलावर ठेवलं. घडी घालून घालून ते चार ठिकाणी फाटलं होतं.

"बरं झालं आलात," सिस्टर म्हणाली. हे कागदावर नव्हतं, पण तेवढं चालायचं.

गुलाबी कागद पुढे घेऊन तिने चौदा प्रश्न विचारले. बाईने सगळ्यांची उत्तरं दिली, हळू आवाजात, पण न लाजता. दारू नाही. सुई नाही. नवऱ्याशिवाय कोणी नाही. शेवटचा संग महिना-सव्वा महिन्यापूर्वी. मध्ये तिने पाणी मागितलं. सिस्टरने ग्लास भरून दिला, आणि या दिवसांत तहान लागतेच म्हणून दुसराही.

रक्त तपासणाऱ्याने अर्ध्या तासात निकाल आणला. गर्मी होती. डॉक्टरीणबाईंनी तिथल्या तिथे इंजेक्शनं लिहिली, पोटावर यंत्र ठेवून बाळाचे ठोके ऐकवले. ठोके घोड्याच्या टापांसारखे खणखणीत होते. वेळेत आलात, आता बाळ वाचायची आशा चांगली आहे, प्रसूती होईपर्यंत तपासण्या चुकवायच्या नाहीत, असं त्या म्हणाल्या. बाईने मान हलवली. सिस्टरचा जीव भांड्यात पडला. दहा दिवसांनी आज आपण पोटभर जेवू, असा विचारही तिच्या मनात येऊन गेला.

पुढची तारीख लिहून तिने गुलाबी कागदाची घडी घातली.

"झालं. या तुम्ही."

बाई उठली नाही. मोजपट्टीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"एक प्रश्न राहिला ना, सिस्टर?"

"विचारा की."

"मी नाही. तुम्ही." तिने घडी घातलेल्या कागदाकडे पाहिलं. "झोपेचा. यांना विचारलात तो."

सिस्टर 'हो' म्हणाली नाही आणि 'नाही'ही म्हणाली नाही. एकाचा कागद दुसऱ्याला उघडायचा नाही.

"मला माहीत आहे त्यांनी काय सांगितलं ते. रोगाचं सांगताना खूप रडले. खोलीचंही सांगितलं. मग म्हणाले, तुझं मी काही बोललो नाही. सिस्टर तुला हाच प्रश्न विचारतील, तेव्हा तुला वाटलं तर तू सांग." तिने बोटावरची पट्टी उलगडली. "पहिला कोणी दिला, हेही विचारलं असेल तुम्ही. 'कामावरचा एक' म्हणाले असतील."

सिस्टरचा हात कागदाच्या घडीवर तसाच राहिला.

"तो मी. माझ्या कामावरून आला तो खडा. ऑर्डर पुरी करायची असली की आमच्या ओळीत सगळ्याच घेतात. वीस मशीन, वीस बायका. मी घरी घेऊन गेले. आमच्या पाळ्या उलट्या, आठवड्यातून एक संध्याकाळ मिळायची, तीही दोघं पेंगत घालवायचो. म्हटलं, निदान ती एक तरी जागी मिळेल. मिळाली. काही दिवस फार छान गेले. मग मला दुखायला लागलं, सगळं कोरडं, चिरा पडायच्या. नको म्हणावं हे तेव्हा सुचायचं नाही, दुसऱ्या दिवशी मशीनवर बसवायचं नाही. घरात खडा घेणं मी बंद केलं. ते बाहेर जायला लागले."

बाहेर बाकावर कोणीतरी खोकलं.

"दहा दिवस मी येते येते म्हणत होते. दारापर्यंत दोनदा आलेही. काय सांगायचं ते बसमध्ये पाठ करत यायचे. आज म्हटलं, तुम्ही विचाराल, मी सांगून टाकेन. सुटेन." तिने टेबलावरचं फाटकं कार्ड जवळ ओढलं. "तुम्ही विचारलंच नाहीत."

सिस्टरला कपाट दिसत होतं. बाईच्या खांद्यामागेच होतं ते. निळा गठ्ठा वर होता, तळाशी तिच्याच अक्षरातली ओळ असलेला. त्याच्याखाली गुलाबी, कोरा. आपण हसत हसत काय बोललो होतो ते तिला शब्दन् शब्द आठवलं, आणि तिचे कान तापले.

तिने कागदाची घडी उलगडली, तळहाताने सपाट केली. चौदाच्या खाली 'पंधरा' असा आकडा घातला आणि सबंध प्रश्न लिहून काढला, एकही शब्द न गाळता. बाई तिचा पेन चालताना बघत होती. मग सिस्टरने मान वर केली आणि तो प्रश्न वाचून नाही, तिच्याकडे बघून विचारला.

"घेते," बाई म्हणाली. "दोनदा सोडला. शेवटचा परवा."

सिस्टरने ते लिहून घेतलं. मग पाण्याचा जग पुढे ओढून तिसरा ग्लास भरला, तिच्या हाताशी ठेवला, आणि खुर्ची टेबलाला वळसा घालून तिच्या शेजारी आणली.